केडगावच्या पंडिता रमाबाई : पुराण सांगत गावोगाव फिरलेली मुलगी दोन हजार लेकींची आई कशी झाली?

पुण्याहून दौंडकडं जाणाऱ्या गाडीत बसलात की लोणी, उरुळी, यवत मागं पडतं आणि केडगाव येतं. इथं उतरणारा माणूस बहुतेक बाजाराला, कॉलेजला नाहीतर पाहुण्यांकडं आलेला असतो. गावाजवळच मुक्ती मिशनचं आवार आहे. झाडं, जुन्या इमारती, चर्च. आपल्यापैकी अनेकजण त्या आवारावरून शेकडो वेळा गेलेत. पण सव्वाशे वर्षांपूर्वी इथं काय घडलं, ते कुणी घडवलं आणि त्यापायी त्या बाईला काय काय सोसावं लागलं, हे आपल्याच तालुक्यातल्या किती पोरांना माहीत आहे?

शाळेच्या पुस्तकात पंडिता रमाबाईंचं नाव येतं. एखादी ओळ असते. समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती सदन. परीक्षेपुरतं पाठ होतं आणि विसरलं जातं. पण या बाईचं आयुष्य एका ओळीत मावणारं नाही. त्यात दुष्काळ आहे, भूक आहे, धर्मावरून झालेलं मोठं भांडण आहे. आणि एक प्रश्न आहे, जो आजही गावच्या पारावर निघतो. धर्म हा देव्हाऱ्यात ठेवायचा की समाजाच्या कामात आणायचा? आणि आणायचा तर कसा?

बायकोला शिकवलं म्हणून गाव सोडावं लागलं

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवलं जातं, हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. बाई शिकू शकते, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं. पुढं त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं.

आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे धर्म बुडवणं. लोकांनी त्रास द्यायला सुरुवात केली. उडुपीला पंडितांच्या सभेत अनंतशास्त्र्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून आपली बाजू मांडली. पण रोजचा जाच काही थांबेना. शेवटी त्यांनी जंगलात घर बांधलं आणि तिथं आश्रम चालवला.

छोटी रमा आईच्या तोंडून शिकली. आईला दिवसभर घरचं काम, त्यामुळं शिकवणं व्हायचं पहाटे. लेकीला झोपेतून उठवून आई एकेक श्लोक म्हणून घ्यायची. बारा वर्षांची होईपर्यंत रमाला भागवताचे हजारो श्लोक पाठ होते.

पण आश्रम फार दिवस टिकला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालण्यात, दानधर्मात पैसा संपला, कर्ज झालं. मग सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं आणि पुढच्या गावाला जायचं. अशी कित्येक वर्षं गेली.

दुष्काळानं घर खाल्लं

1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसं राहिली नाहीत, दान कोण देणार? या कुटुंबाला मोलमजुरीची सवय नव्हती. मजुरी करणं जातीला शोभत नाही, हा समज घट्ट बसलेला. भीक मागायलाही लाज. होतं नव्हतं ते विकून झालं, भांडीकुंडी गेली. मग रानातली पानं आणि रानखजूर खाऊन दिवस काढले.

1874 साली वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. मोठी बहीणही गेली. आईच्या वेळची गोष्ट तर ऐकवत नाही. मयताला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघं तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथा खांदा रमाचा. ती उंचीनं कमी. खांद्यावर तिरडी सारखी बसेना म्हणून तिनं ती डोक्यावर धरली आणि आईला मसणवट्यापर्यंत पोचवलं. वय जेमतेम सोळा.

उरले भाऊ-बहीण दोघंच. दोघं पायी चालत राहिले. दक्षिणेतून थेट काश्मीरपर्यंत, हजारो मैल. वाटेत उपासमार आणि थंडी. आयुष्यभर ज्या देवांची सेवा केली, ज्या व्रतांसाठी पैसा घातला, त्यातलं काहीच आईबापांच्या उपयोगी पडलं नाही, हा विचार याच वाटेवर दोघांच्या मनात घर करून बसला. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथं आहे. भुकेचा अर्थ त्यांना पुस्तकातून कळला नव्हता.

कलकत्त्यात पंडिता झाली

1878 साली दोघं कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, श्लोक रचते, हे बघून तिथले विद्वान चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. एका बाईला असा मान मिळणं ही देशभर गाजलेली बातमी ठरली.

पण तिथंच त्यांनी धर्मग्रंथ नव्यानं आणि बारकाईनं वाचले. बायका आणि शूद्र यांच्याबद्दल त्यात काय लिहिलंय, ते बघून त्यांचं मन उडालं. ग्रंथ एकमेकांशी पुष्कळ गोष्टींत भांडतात, पण बाईला खालचं ठरवताना मात्र सगळ्यांचं एकमत होतं, असं त्यांना दिसलं.

1880 साली भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. लग्न नोंदणी पद्धतीनं. दोन्हीकडच्या लोकांनी वाळीत टाकल्यासारखंच केलं. एप्रिल 1881 मध्ये मुलगी झाली, मनोरमा. संसार आसामातल्या सिलचरला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला.

वय तेवीस. पदरात तान्ही मुलगी. आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा, कुणीच नाही. त्या काळी विधवा म्हणजे काय होतं, हे आपल्या आजी-पणजीकडून कुणी ऐकलं असेल तर आठवा. ब्राह्मण घरांत केशवपन, लाल आलवण, एक वेळचं जेवण, शुभकार्यात सावलीही नको. कित्येक विधवा तर आठ-दहा वर्षांच्या पोरी होत्या. नवऱ्याचा चेहराही आठवत नाही, अशा.

पुणं, मग इंग्लंड आणि धर्मांतर

1882 साली रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाया शिक्षक पाहिजेत आणि बायकांच्या दवापाण्याला बाया डॉक्टर पाहिजेत, ही मागणी त्यांनी रोखठोक मांडली.

मग स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवून 1883 साली त्या इंग्लंडला निघाल्या. भाड्याचे पैसे जमले पुस्तकाच्या विक्रीतून. सोबत लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. तिथं वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडं उतरल्या. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं डॉक्टरकीचं स्वप्न मात्र तिथंच संपलं.

त्याआधी येशूबद्दल त्यांनी वाचलं होतं. सिलचरला असताना घरात बंगालीतला लूकचा शुभवर्तमान हाती आला होता. पुण्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे या ख्रिस्ती झालेल्या पंडितांशीही बोलणं झालं होतं. पण मनाला खरा धक्का बसला तो लंडनच्या फुलहॅम भागात. तिथं या भगिनींचा एक आश्रम होता. समाजानं वाईट चालीची म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथं जवळ केलं जायचं, काम शिकवलं जायचं, माणसात आणलं जायचं. अशा बाईला जवळ करणं हे धर्माचं काम असू शकतं, ही गोष्ट रमाबाईंना नवीन होती. येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट त्यांनी तिथंच ऐकली. याच दिवसांत सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. तो मोठा आघात होता. त्यानंतर लगेच, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. शास्त्र जाणणारी ब्राह्मण विधवा ख्रिस्ती झाली! काल ज्यांनी हार घातले, त्यांनीच तोंड फिरवलं. पण सगळ्यांनी नाही. जोतीराव फुले यांनी 1885 साली सत्सार या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली. ज्या धर्मात बाईला जागा नाही तो तिनं सोडला तर दोष कुणाचा, असा त्यांचा रोख होता.

चर्चलाही नमल्या नाहीत

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची फारशी सांगितली जात नाही. ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई कुणाच्या ताब्यात गेल्या नाहीत.

वाँटेजच्या भगिनींशी आणि चर्चच्या मोठ्या अधिकाऱ्यांशी त्यांचे कितीतरी वाद झाले. त्यांची पत्रं आजही उपलब्ध आहेत. चर्च सांगेल ते डोळे झाकून मानायला त्यांनी नकार दिला. एका गुरूच्या हुकमातून सुटून दुसऱ्याच्या हुकमात जाण्यासाठी आपण धर्म बदलला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवत होत्या. बाईनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं इथल्या बिशपांनी कळवल्यावर त्या भडकल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या लोकांना समजेल अशी संस्कृत अक्षरं असू द्या, असा त्यांचा आग्रह. मांस, अंडी त्यांनी कधी खाल्ली नाहीत. पांढरी साडी सोडली नाही. ही जातीची घमेंड आहे, असं तिथल्या भगिनींना वाटायचं. रमाबाईंना वाटायचं, देव बदलला म्हणून देश बदलत नाही.

1886 साली त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला पदवीदान समारंभ. राहिल्या मात्र दोन वर्षांहून जास्त. उच्चवर्णीय हिंदू स्त्री या विषयावरचं इंग्रजी पुस्तक त्यांनी 1887 साली प्रसिद्ध केलं. ते तिथं खूप खपलं. भाषणं झाली, पैसा जमला. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं तिनं कबूल केलं. अट एकच, शाळेत धर्माचा प्रचार नको. रमाबाईंनीही ती मान्य केली.

शारदा सदन आणि 1893 चं वादळ

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत एक होती गोदूबाई, कोकणातली बालविधवा. हे नाव लक्षात ठेवा, पुढं येणार आहे. त्याच वर्षी मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या बायकांत रमाबाई होत्या. सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या भर सभेत बोलल्या.

1890 मध्ये सदन पुण्याला आलं. मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. सोवळ्याओवळ्याची अडचण नको म्हणून स्वयंपाकाची वेगळी सोय होती. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर होती.

मग वाद पेटला. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडं दिसू लागला. शाळेच्या नावाखाली धर्मांतर चाललंय, अशी ओरड झाली. टिळकांच्या केसरीनं कडक टीका केली. 1893 साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात दोन्ही बाजू नीट बघितल्या पाहिजेत. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की, शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द दिला होता. विधवा पोर अडचणीत असते. जिनं आसरा दिला, खायला दिलं, शिकवलं, तिचाच देव त्या पोरीला खरा वाटणार. मग तिची निवड मोकळी कशी म्हणायची? हा प्रश्न खोटा नव्हता. आजही मदत आणि धर्म एकाच दारातून येतात तेव्हा तो विचारावाच लागतो, मग ते दार कुठल्याही धर्माचं असो.

रमाबाईंचं म्हणणं असं की, मी कुणावर सक्ती केली नाही. पण माझ्या घरात, माझ्या लेकीसोबत, मी माझ्या देवाची प्रार्थना दार लावून का करू? येणाऱ्या मुलीला हाकलून का देऊ? बाकीच्यांना धर्म पाळायची मोकळीक आहे, तशी मलाही आहे. अमेरिकेतल्या मंडळानं चौकशी केली आणि रमाबाईंवर विश्वास ठेवला. सदन बंद पडलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. मुली काढून नेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पोरींना दुसरी शाळा दिली? त्या वेळी पुण्यात विधवांना ठेवून घेऊन शिकवणारी दुसरी संस्था होती कुठं? ती निघाली नंतर, आणि ती काढली धोंडो केशव कर्वे यांनी. शारदा सदनातल्या त्या गोदूबाईंशी त्यांनी 1893 साली पुनर्विवाह केला आणि 1896 साली विधवांसाठी आश्रम सुरू केला. गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई कर्वे झाल्या, हिंदूच राहिल्या आणि आश्रमासाठी आयुष्यभर राबल्या. म्हणजे रमाबाईंच्या शाळेतून निघालेली वाट हिंगण्यालाही गेली.

केडगावच्या माळावर

आता आपल्या गावाकडं येऊ. सदन देणगीवर किती दिवस चालणार, म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर मुलींचा खर्च भागावा, असा हिशेब होता.

1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या यायला लागल्या तशी रमाबाईंना झोप लागेना. आईबापांची उपासमार डोळ्यांपुढं आली. त्या स्वतः तिकडं गेल्या. रस्त्यावर हाडांचे सापळे झालेली माणसं. पोरीबाळींना उचलून नेणारे दलाल टपलेले. सरकारी मदत छावण्यांतही बाया सुरक्षित नाहीत. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका गोळा करून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या जणी शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग सगळ्यांना घेऊन त्या केडगावला आल्या. राहायला धड छप्पर नव्हतं. तंबू, झोपड्या, झाडाखाली चूल. अशी मुक्तीची सुरुवात झाली.

इथं एक मोठा बदल झाला. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातीच्या विधवांसाठी होतं. दुष्काळानं आणलेल्या पोरींना जात विचारायला वेळच नव्हता. सगळ्या जातींच्या, गुजराती, हिंदी, मराठी बोलणाऱ्या, विधवा, अनाथ, टाकलेल्या. एका पंगतीला बसल्या, एका विहिरीचं पाणी प्यायल्या. आपल्या गावांत पाणवठ्याच्या वेगळ्या जागा होत्या, त्या काळातली ही गोष्ट आहे. 1898 साली अमेरिकन मंडळाशी झालेला दहा वर्षांचा करार संपला. त्यानंतर मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालली. झाकपाक राहिली नाही.

1900 च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी शेकडो मुली आल्या. केडगावच्या आवारातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार पोटं! रोजचं दळण, भाकरी, पाणी, कपडे. घरात चार माणसं जास्त आली तर आपली धांदल उडते. तिथं विहिरी खणल्या गेल्या. शेती, भाजीपाला, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, छापखाना, सगळं उभं राहिलं. आणि हे सगळं चालवत होत्या बाया. जी पोर भुकेनं मरणाच्या दारात होती, ती दोन वर्षांनी माग चालवायची नाहीतर खिळे जुळवून पुस्तक छापायची.

वाट चुकलेल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलहॅममध्ये जे बघितलं होतं, ते त्यांनी आपल्या मातीत आणलं. म्हाताऱ्यांची वेगळी सोय झाली. अंध मुलींसाठी मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्या मुली बोटांनी वाचू लागल्या. 1905 साली मुक्तीत प्रार्थनेची अशी लाट उसळली की जगभरच्या ख्रिस्ती लोकांत केडगावचं नाव झालं.

सरकारलाही सुनावलं

ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, असं तेव्हा बरेचजण म्हणत. 1897 सालची गोष्ट त्यांनी आठवावी. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरांत घुसत होते. सरकारी प्लेग दवाखान्यांत आणि छावण्यांत बायकांचे काय हाल होतात, त्यांची अब्रू कशी धोक्यात आहे, यावर रमाबाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि सरकारला जाब विचारला. गव्हर्नर साहेबाची भीड ठेवली नाही. प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गाजलं. सरकारनं आरोप नाकारले, पण बाई मागं हटल्या नाहीत. ज्या केसरीनं चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर आग ओकली होती, तोही प्लेगच्या जुलमावर सरकारशी भांडत होता. रस्ते वेगळे, पण या मुद्द्यावर दोघं एका बाजूला.

म्हणजे हिशेब बघा. शास्त्र्यांनी बाईला कमी लेखलं, त्यांच्याशी भांडल्या. चर्चनं हुकूम सोडला, तो मानला नाही. सुधारकांनी साथ सोडली, काम सोडलं नाही. इंग्रज सरकारनं हयगय केली, त्यालाही धारेवर धरलं. रमाबाईंची श्रद्धा खोल होती, पण ती कुणाच्या दावणीला बांधलेली नव्हती. धर्म खरा की खोटा, हे जोखायचं त्यांचं माप एकच. सगळ्यांनी टाकलेल्या बाईला तो जवळ करतो का?

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आधीचं भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालंय, खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, असं त्यांना वाटायचं. गंमत बघा, संस्कृतची पंडिता साध्या मराठीसाठी झटत होती. त्यासाठी म्हातारपणी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मजकूर जुळवणं, तपासणं, छापणं, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं.

1919 साली सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण 1921 साली मोठा घाव बसला. सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा, ती मनोरमा चाळिशीतच वारली. रमाबाईंनी हातातलं भाषांतर सोडलं नाही. ते पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच डोळे मिटले. छापील बायबल 1924 साली बाहेर आलं. 1989 साली भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. मुक्ती मिशन आजही केडगावात उभं आहे.

शंभर वर्षं आणि एक महिना

रमाबाईंना जाऊन एप्रिल 2022 मध्ये शंभर वर्षं झाली. पुढच्याच महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून एक बातमी आली. हेरवाड ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारनं लगेच परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं.

हा ठराव कुठल्या एका धर्मानं केला नाही, गावानं केला. पण विचार करा, केशवपनाविरुद्ध भर सभेत बोलायला एक विधवा 1889 साली उभी राहिली होती. तिथून बांगड्या न फोडण्याच्या ठरावापर्यंत यायला आपल्याला 133 वर्षं लागली.

रमाबाईंचा धर्म सगळ्यांना पटावा असं काही नाही. 1893 चा वाद आजही घालता येईल, घालावाही. पण हळदी-कुंकवाला बोलावलं जात नाही म्हणून कोपऱ्यात बसलेली एखादी चुलती, लेकीच्याच लग्नात अक्षता टाकायला मागं राहणारी एखादी आई आपल्या घरात, भावकीत असेल, तर या बाईची गोष्ट जुनी झाली असं म्हणता येत नाही.

पुढच्या वेळी गाडी केडगावला थांबली की खिडकीतून त्या आवाराच्या दिशेनं एकदा बघा. आणि तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा : हेरवाडसारखा ठराव आपल्याकडं झाला का? झाला असेल तर तो पाळला जातो का?